थायरॉईड आणि रोजची गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मला थायरॉईड आहे’ असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय असतं?

थायरॉईड प्रत्येकालाच असतो. ते आजाराचं नाव नाही, ग्रंथीचं आहे. मराठी पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्यात कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला पुढून चिकटलेली, फुलपाखरासारखी दोन पाकळ्यांची ही ग्रंथी असते. मोठ्या माणसात तिचं वजन १५ ते २० ग्रॅम भरतं. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळा. ग्रंथी गिळताना वर सरकते. गळ्यातली गाठ थायरॉईडची आहे का, हे डॉक्टर घोट गिळायला लावूनच आधी पाहतात.

ही ग्रंथी आयोडीन वापरून दोन संप्रेरकं तयार करते. टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि टी-३ मध्ये तीन. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडतं. यकृत, मूत्रपिंड आणि इतर पेशी त्यातला एक अणू काढून त्याचं टी-३ करतात आणि प्रत्यक्ष काम टी-३ करतं. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, पाळीचं चक्र, लहान मुलांच्या मेंदूची वाढ या सगळ्यांचा वेग त्यावर ठरतो.

म्हणून कुणी ‘थायरॉईड आहे’ म्हणालं की पुढचा प्रश्न हवा: कमी आहे की जास्त? दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. शेजारणीची गोळी आपल्याला का चालत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला आहे. मग ग्रंथी जास्त काम करते आहे ना?

उलट आहे. टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून, म्हणजे पिट्युटरीतून येतो. थायरॉईडला ‘काम कर’ असं सांगणारा तो निरोप आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पीयूषिका मोठ्याने ओरडते आणि टीएसएच वाढतो. थायरॉक्सिन जास्त झालं की ती गप्प बसते आणि टीएसएच शून्याच्या जवळ जातो.

हा निरोप फार संवेदनशील असतो. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे टीएसएच ८० आला म्हणजे ८ पेक्षा आजार दहापट मोठा, असा हिशेब करून घाबरू नका. बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसासाठी सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते. आपल्या रिपोर्टवर त्या लॅबची जी मर्यादा असेल तीच बघायची.

टीएसएच ६.८ आला, टी-४ नॉर्मल आहे. गोळी सुरू करायची का?

लगेच नाही. ताप, मोठं आजारपण, शस्त्रक्रिया यांतून उठल्यावर टीएसएच काही आठवडे वर जाऊन आपोआप खाली येतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची आणि सोबत फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) व अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं) पाहायचं. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते आहे, असा अर्थ होतो. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णन केलेला हाच आजार. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात थायरॉईड कमी पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दोनदा तपासूनही टीएसएच १० च्या वर असेल तर साधारणपणे थायरॉक्सिनची गोळी सुरू करतात. ५ ते १० च्या मधल्या पट्ट्यात बाई गरोदर आहे किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात आहे का, गळा सुजला आहे का, लक्षणं स्पष्ट आहेत का, हे बघून ठरतं. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा टीएसएच ६-७ असणं हा बहुधा वयाचा भाग असतो. त्यांना आकड्यासाठी गोळी दिली तर नाडी अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं हा धोका उगाच पदरात पडतो.

रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

टीएसएचसाठी उपाशी असणं बंधनकारक नाही, पण दर वेळी एकाच सुमाराला द्या. टीएसएच मध्यरात्रीनंतर सर्वात जास्त आणि दुपारी सर्वात कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला दिलं, तर डोस न बदलताही आकडा बदललेला दिसेल. फ्री टी-४ करायचं असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, कारण गोळीनंतर काही तास टी-४ थोडं चढलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी लॅबमध्ये क्वचितच कुणी विचारतं: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? ५ किंवा १० मिलीग्रॅम बायोटिनने अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. रिपोर्ट पाहून थायरॉईड जास्त झाला असं वाटतं, आणि चालू असलेला योग्य डोस कमी केला जातो. केस गळतात म्हणून बायोटिन, आणि केस गळतात म्हणून थायरॉईडची तपासणी, असं दोन्ही एकदम होत असल्याने हा घोळ वारंवार होतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवा आणि तसं लॅबला सांगा.

डोस कसा ठरतो?

ग्रंथी जवळजवळ बंद पडली असेल तर थायरॉक्सिनचा पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम असतो. ६० किलोच्या बाईला साधारण १०० मायक्रोग्रॅम. ग्रंथी थोडंफार काम करत असेल तर २५ किंवा ५० वर भागतं. वयस्कर माणसाला, हृदयविकार असलेल्याला १२.५ किंवा २५ पासून सुरू करून हळूहळू वाढवतात. थंडावलेल्या हृदयावर एकदम पूर्ण डोस टाकला तर छातीत दुखू शकतं.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबायचं. टी-४ चं रक्तातलं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवस आहे. नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि पीयूषिकेला ते पटायला त्याहून थोडे जास्त. पंधरा दिवसांनी टीएसएच करून ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणं म्हणजे वरणाचा कुकर एका शिट्टीत उतरवून डाळ शिजली नाही म्हणणं. पैसे तर जातातच, पण अर्धवट आकड्यावर डोस वाढवला तर दोन महिन्यांनी धडधड सुरू होते.

गोळी नेमकी कशी घ्यायची?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा भाग हाच. डोस बरोबर असूनही टीएसएच हलत नाही, अशा बहुतेक वेळी चूक गोळी घेण्याच्या पद्धतीत सापडते.

थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं. उठल्यावर, तोंड धुतल्यावर, साध्या पाण्याने गोळी घ्यायची. मग चहा, दूध, नाश्ता यांपैकी काहीही घेण्याआधी किमान अर्धा तास, जमल्यास एक तास जाऊ द्यायचा. चहाच्या घोटाबरोबर गोळी घेऊ नका. दुधाचा चहा आणि कॉफी दोन्हींमुळे शोषण घटतं. ‘गोळी घेतली आणि पाचच मिनिटांत चहा’ हाही त्यातलाच प्रकार.

थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्यात चार तासांचं अंतर हवं. या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर थायरॉईड, लोह आणि कॅल्शियम या तिन्ही गोळ्या एकाच डबीतून सकाळी घेणाऱ्या बायका खूप आहेत. सोपी मांडणी अशी: थायरॉईड पहाटे, लोह दुपारच्या जेवणाच्या सुमाराला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधालाही हेच अंतर ठेवा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल रोज चालू असेल तर अंतराने फरक पडत नाही, कारण पोटातलं आम्लच कमी होतं. तिथे डोस थोडा वाढवावा लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते सांगा.

सकाळी डबा, मुलांची शाळा, लोकल या गडबडीत तासभर थांबणं जमतच नसेल तर रात्री घ्या. शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, झोपताना. ही पद्धतही चांगली चालते, मात्र मग रात्री हळदीचं दूध आणि कॅल्शियम बंद. सकाळ की रात्र, एक काहीतरी ठरवा आणि तेच पाळा.

एक दिवस गोळी चुकली तर?

अर्धआयुष्य सात दिवसांचं असल्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची गोळी घ्या. स्वतःच्या मनाने दोन-तीन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका, हृदयविकार असेल तर मुळीच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चुकत असेल तर मात्र ते रिपोर्टवर दिसतं. अशा वेळी डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर न घेतलेल्या गोळ्यांच्या हिशेबावर डोस वाढतो.

उपवासाला गोळी चालते का? शस्त्रक्रियेच्या दिवशी?

एकादशी, चतुर्थी, नवरात्र, कोणत्याही उपवासाला पाण्याबरोबर गोळी घ्यावी. निर्जळी उपवास असेल तर उपवासाआधी किंवा सोडल्यानंतर रिकाम्या पोटी वेळ साधा. शस्त्रक्रियेच्या सकाळीही बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर ही गोळी घ्यायला सांगतात. भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

सैंधव मीठ चांगलं म्हणतात. साधं आयोडीनचं मीठ सोडू का?

सोडू नका. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर बाईला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सैंधव आणि काळं मीठ यांत मुद्दाम घातलेलं आयोडीन नसतं. उपवासापुरतं शेंदेलोण वापरायला हरकत नाही, पण रोजच्या स्वयंपाकात तेच एकटं नको.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा होता, हे आज विसरायला झालं आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि तिथल्या गलगंडाचं प्रमाण उतरलं. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. मिठात घराघरात पोचताना किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं, असा नियम आहे. १५ पीपीएम म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. मीठ रोज ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. उरलेलं दूध, अंडी, मासे यांतून येतं.

मिठाची बरणी झाकणाची हवी आणि गॅसपासून लांब. उघड्या, दमट मिठातून आयोडीन उडतं. हाशिमोतो असेल तर मात्र ‘आयोडीन कमी पडतंय’ म्हणून आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाची पावडर घेऊ नका. जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडते.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायचं का?

शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी खुशाल खा. सोया बंद करायची गरज नाही, फक्त गोळीच्या जवळपास नको.

गोळी सुरू केली तरी वजन उतरत नाही.

थायरॉईड कमी पडल्यामुळे वाढलेलं वजन साधारण २ ते ४ किलो असतं आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी असतं. तेवढं उतरतं. त्यावरचे १५ किलो थायरॉईडचे नसतात आणि डोस वाढवून ते जात नाहीत. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन घेतलं तर आधी स्नायू झिजतात, मग हाडं.

गर्भधारणा राहिली. डोसचं काय करू?

इथे दिवस मोजून वागावं लागतं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी संप्रेरक तयार करत नाही. सुमारे बाराव्या आठवड्यात ती कामाला लागते आणि नीट पुरवठा त्याच्याही नंतर होतो. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं सगळं थायरॉक्सिन आईकडून जातं. त्यामुळे आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, पहिली सोनोग्राफी होण्याच्याही आधी.

आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईची चाचणी पॉझिटिव्ह आली की डोस २५ ते ३० टक्के वाढवण्याची पद्धत आहे. आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ, म्हणजे दोन दिवस दोन-दोन, इतकं सोपं. हे गर्भधारणेची तयारी करतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे अपॉइंटमेंटची वाट बघण्यात आठवडे जाणार नाहीत. टीएसएच २.५ च्या खाली ठेवतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासतात. बाळंतपणानंतर पूर्वीच्या डोसवर परत यायचं आणि सहा आठवड्यांनी तपासायचं. अंगावर पाजताना ही गोळी सुरक्षित आहे.

गरोदरपणात ‘औषधं नकोत’ म्हणून घरातलं कुणी ही गोळी बंद करायला सांगत असेल, तर तेवढं एकच ऐकू नका. बाळाला हवं असलेलंच संप्रेरक या गोळीत आहे.

आठव्या ते बाराव्या आठवड्यात टीएसएच जरा कमी आला, तर दर वेळी थायरॉईड वाढलेला असतोच असं नाही. वारेतून येणारं एचसीजी हे संप्रेरक थायरॉईडला टीएसएचसारखंच चेतवतं.

नवजात बाळाची टाच टोचून रक्त घेतलं. कशासाठी?

जन्मजात थायरॉईड कमी असलेली बाळं जन्मतः बहुधा ठणठणीत दिसतात. कावीळ लांबणं, बद्धकोष्ठ, घोगरं रडणं ही लक्षणं उशिरा येतात आणि तोवर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. रक्त ४८ ते ७२ तासांनी घेतात, कारण पहिल्या दिवशी टीएसएच आपोआप उसळलेला असतो. दवाखान्यात ही तपासणी होत नसेल तर आग्रहाने मागणी करून ती करून घ्या.

उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवा. डोस किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या सहा ते नऊ पट. गोळी चमच्यात चुरडून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून लगेच पाजायची. दुधाच्या बाटलीत टाकायची नाही: बाळाने बाटली अर्धी सोडली की अर्धा डोस गेला. सोयाचं दूध यात वापरू नका.

टीएसएच नॉर्मल आहे, तरी थायरॉईड कमी असू शकतो?

हो, आणि हे चुकलं तर जिवावर बेततं. दोष पीयूषिकेत असेल तर टीएसएच वाढतच नाही. टी-४ कमी आणि टीएसएच नॉर्मल किंवा कमी, अशी जोडी दिसते. आपल्याकडे आठवणीने शोधावं असं एक कारण म्हणजे शीहान सिंड्रोम. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला की पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती मरते. मग दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस जातात, थकवा वर्षानुवर्षं राहतो. फक्त टीएसएच करून ‘थायरॉईड ठीक आहे’ म्हणून ती बाई घरी पाठवली जाते.

अशा रुग्णाला थायरॉक्सिनच्या आधी स्टेरॉईड द्यावं लागतं. पीयूषिका बंद असल्याने अधिवृक्क ग्रंथीतलं (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतलं) कॉर्टिसोल हे संप्रेरकही कमी असतं. थायरॉक्सिन दिल्यावर ते आणखी वेगाने संपतं आणि रक्तदाब कोसळतो. त्यामुळे ‘बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं आणि दूध आलं नव्हतं’ हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.

ग्रंथी जास्त काम करत असेल तर?

धडधड, हात थरथरणं, भूक असून वजन उतरणं, उकाडा सहन न होणं, काहींना डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं. यातलं मुख्य कारण ग्रेव्हज् आजार. त्यावर कार्बिमाझोल देतात, सहसा १२ ते १८ महिने. ही गोळी चालू असताना ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचं. क्वचित ही गोळी पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आणते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. ‘साधा घसा आहे’ म्हणून मीठ-पाण्याच्या गुळण्या करत चार दिवस काढू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल टाळून प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. डोळ्यांना त्रास असेल तर सिगारेट, तंबाखू आजच थांबवा. धूम्रपानाने तो नक्की वाढतो.

रेडिओआयोडीनची भीती वाटते.

जास्त काम करणारी ग्रंथी किरणोत्सारी आयोडीनने शांत करण्याचा हा उपचार १९४१ पासून चालू आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून या शास्त्राचं काम होत आहे. आयोडीन-१३१ तोंडाने देतात. ग्रंथी ते शोषून घेते आणि आतून आकसते. त्याचं अर्धआयुष्य आठ दिवसांचं आहे. आधी गर्भचाचणी करतात, अंगावर पाजणं पूर्ण बंद करावं लागतं, काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं आणि पुढचे सहा महिने गर्भधारणा टाळायची. नंतर थायरॉईड कमी होऊन थायरॉक्सिन सुरू होणं हा बिघाड नाही. तो अपेक्षित शेवट आहे.

थायरॉईड काढल्यावर ओठांभोवती मुंग्या येतात.

लगेच कॅल्शियम तपासा. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यांचं काम वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्याचं. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटांना मुंग्या आणि हातात वांब येतात. बहुधा काही आठवड्यांत त्या सावरतात, तोवर कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) घ्यावं लागतं. इथेही थायरॉक्सिनपासून चार तास. हात आखडून वाकडा होत असेल तर गोळीवर थांबू नका, दवाखाना गाठा.

गोळ्यांची बाटली कुठे ठेवू?

२५ अंशांच्या खाली, अंधारात, कोरड्या जागी. उष्णता, प्रकाश आणि ओल यांनी थायरॉक्सिन कमजोर होतं. गॅसच्या वरचं कपाट, खिडकी, गाडीचा डॅशबोर्ड या तिन्ही जागा वाईट. बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका आणि महिनाभराच्या गोळ्या स्टीलच्या डबीत काढून ठेवू नका. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी एकदा टीएसएच करून घ्या.